ताईपासून लपवून शिकलेली भाषा

माझी ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती आठ वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. मनमाडच्या दवाखान्यात पंधरा दिवस होती. घरी आल्यावर तिने वडिलांना विचारलं, "सगळे एवढं हळू का बोलताय?" हे वडिलांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

माझा जन्म त्यानंतरचा. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी भोंगा झाला की जायचे, संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस मी आणि ताई. ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती आणि तिची शाळा तिसरीतच सुटली होती. मी रडलो तर तिला ऐकू येणार नाही, म्हणून स्वयंपाक करताना ती मला आईच्या जुन्या लुगड्याने पाठीशी बांधायची. रडणं पाठीला कळतं, असं म्हणायची.

बोलायला मी तिच्याकडूनच शिकलो. आठ वर्षं ऐकलेलं असल्यामुळे तिचं बोलणं टिकलं होतं, पण त्यातले चढउतार हळूहळू गेले. एका सुरात बोलायची, जरा मोठ्याने, आणि 'स', 'श' निसटून जायचे. मी बालवाडीत गेलो तेव्हा मीही तसाच बोलायचो. बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं, "मुलाचे कान तपासून घ्या." कान चांगले होते. वडील हसले, ताई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मला रोज तासभर शेजारच्यांकडे रेडिओ ऐकायला पाठवायला लागली. परत आलो की विचारायची, "काय काय ऐकलंस?" मग मी तिच्यासमोर मांडी घालून, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सांगायचो.

ओठ वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून ती शिकली. घरात एकच नियम होता, बोलताना तोंड वळवायचं नाही. मला काही लपवायचं असलं की मी खिडकीकडे बघून बोलायचो. ती माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे करायची आणि म्हणायची, "आता बोल."

आयटीआय करून मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत लागलो. वडील गेल्यावर ताईला इंदिरानगरला घेऊन आलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिने शिलाई मशीन हॉलच्या खिडकीशी मांडलं आणि ब्लाउज शिवायला सुरुवात केली. हात चांगला होता, बायका यायला लागल्या. पण बोलणं माझ्यामार्फत चालायचं. तिचं बोलणं नव्या माणसाला कळत नसे. ती भाजीवालीला काही विचारायची, भाजीवाली माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. डॉक्टरकडे, बँकेत, गॅसच्या ऑफिसात तेच. लोक भराभर बोलले, मान खाली घालून बोलले, की तिला काही समजायचं नाही. अशा वेळी ती म्हणायची, "कळलं." परक्या माणसांसाठी ठेवलेला हा तिचा शब्द होता. मला ती तो कधीच म्हणायची नाही. मी म्हटलेलं कळलं नाही तर सरळ "परत सांग" म्हणायची.

माझ्या लग्नाचं दोनदा जमत आलं. दोन्हीकडून चहा होईपर्यंत सगळं ठीक असायचं, मग कुणीतरी हळूच विचारायचं, "ताई कायम इथेच असणार का?" हळू विचारायची गरज नव्हती, ताई समोरच बसलेली असायची आणि ओठ वाचायची. दुसऱ्या वेळी पाहुणे गेल्यावर तिने कपबशा उचलता उचलता म्हटलं, "मुलगी चांगली होती." मी म्हटलं, "नव्हती." तो विषय तिथेच संपला.

मी एकतीस वर्षांचा झालो. कंपनीत सीएनसी मशीन जुळवून देणारा सेटर होतो. काम येत होतं, लोक विचारायला यायचे. आमच्या लाइनवरचा एक जण आधीच जर्मनीला गेला होता. गिअरबॉक्सचे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना होता, गाव लहान, गावाला नदी. त्याने फोन करून सांगितलं, "यांना माणसं मिळत नाहीयेत. भाषेची परीक्षा पास हो, बाकी मी बघतो. दोन वर्षांचा करार असतो."

पगाराबद्दल त्याने सांगितलं ते मी ऐकलं, पण खरं सांगायचं तर मला दुसऱ्याच गोष्टीने धरलं. तो म्हणाला, "रविवारी सायकल काढतो आणि जातो. कुठे, ते ठरवत नाही. संध्याकाळी कुठेतरी वेगळ्याच देशात असतो." हे वाक्य माझ्या डोक्यात महिनाभर फिरत राहिलं. कुठे जातोय ते न ठरवता मी आयुष्यात एक दिवससुद्धा घराबाहेर पडलो नव्हतो. मला उशीर होणार असला तर ताईला फोनवर सांगता यायचं नाही, मेसेज करावा लागायचा, आणि उत्तर येईपर्यंत ती गॅलरीत उभी असणार हे मला माहीत असायचं. मित्र त्र्यंबकच्या बाजूला ट्रेकला जायचे. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुपारीच परतलो. मला बर्फ बघायचा होता. जिथे मला कुणी ओळखत नाही, कुणाचं वाक्य पुन्हा म्हणावं लागत नाही, अशा रस्त्यावरून चालायचं होतं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

कॉलेज रोडला जर्मनचा क्लास होता, संध्याकाळचा. वर्गात बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली आणि त्यांच्यात मी एक मशीनवाला. ताईला सांगितलं, "ओव्हरटाइम आहे, काही महिने चालेल." तोंड न वळवता, तिच्याकडे बघत, स्पष्ट बोललो. एवढं नीट उच्चारलेलं खोटं मी तिच्याशी आधी कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "डबा जास्त देत जाऊ का?" आणि आठ महिने मला दोन पोळ्या जास्त देत राहिली. त्या मी क्लासच्या जिन्यात उभा राहून खायचो.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत पाठ करत होतो. कानात हेडफोन, समोर कागद. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. ताई आत मशीनवर होती असं मी धरून चाललो होतो. मान वर केली तर ती सरकत्या दाराच्या काचेपलीकडे उभी होती, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज. कधीपासून उभी होती कोण जाणे.

तिने दार सरकवलं. "ही कुठली भाषा?"

मी कानातले हेडफोन काढले.

"मराठी नाही. हिंदी नाही. तू इंग्रजी बोलतोस तेव्हा ओठ असे पुढे येत नाहीत. ही कुठली भाषा?"

"जर्मन," मी म्हणालो.

"कशाला?"

"असंच. कंपनीत लागते." हे म्हणताना मी खाली रस्त्याकडे बघत होतो. तिने पुढे होऊन माझी हनुवटी धरली. एकतिशीतल्या माणसाची दाढी वाढलेली हनुवटी. तोंड स्वतःकडे वळवलं.

मग मी सगळं सांगितलं. कारखाना, गाव, करार, परीक्षा, क्लास, ओव्हरटाइम. ती माझ्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होती. बघत होती म्हणायला हवं, पण आमच्या घरात आम्ही ऐकणंच म्हणायचो. माझं संपल्यावर तिने विचारलं, "पोळ्या कुठे खायचास?"

"जिन्यात."

"उभ्याने?"

मी मान हलवली. ती आत गेली आणि मशीन सुरू झालं.

पुढचे तीन-चार दिवस ती नेहमीसारखीच होती. मीच नव्हतो. परीक्षेला बसायचं नाही असं मी सकाळी ठरवायचो आणि कंपनीतून सुटलो की पाय आपोआप क्लासकडे वळायचे. गुरुवारी दुपारी कंपनीत तिचा मेसेज आला. "मावशीकडे चालले. उद्या येते." मावशी नांदगावला. ताई एकटी कधी आगगाडीत बसली नव्हती. फलाट बदलल्याची घोषणा झाली तर तिला कळणार कसं? मी सुपरवायझरला सांगून निघालो, नाशिकरोडला मिळेल ती गाडी पकडली आणि दारात उभा राहून नांदगावपर्यंत गेलो. मेसेज टाकत होतो, उत्तर नव्हतं.

ती पोचली होती. मावशीच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून मावशी म्हणाली, "आरं, तूबी आला व्हय! ती म्हणती, भाऊ परदेशात चाललाय, मी इकडं राहू का. म्या म्हणलं, राहा की बाई, तुझंच घर हाय. लय जागा हाय इथं."

मावशीचं मन मोठं होतं, घर मात्र मोठं नव्हतं. आम्ही जेवलो, मुक्काम केला, सकाळी परत निघालो. गाडीत जागा मिळाली, समोरासमोर. मी विचारलं, "मावशी हो म्हणाली ना?"

"मावशी हो म्हणाली. सून नाही म्हणाली."

"सून तुला तसं म्हणाली?"

"मला नाही. गॅसपाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली. मी ओट्यावरून बघत होते. 'ही आली तर कायमची आपल्याच गळ्यात पडायची' म्हणाली." ताईने हे कुठलाही राग नसलेल्या तिच्या त्या एका सुरात सांगितलं, आणि जरा मोठ्याने, त्यामुळे डब्यातली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "तिचं काही चुकलं नाही. तिला दोन लहान मुलं आहेत."

"ताई, मी जात नाही," मी म्हणालो. "संपलं. मी नाही म्हणून कळवतो त्याला."

"का?"

"का म्हणजे काय? तुला कोण आहे?"

मनमाड आलं. गाडी बराच वेळ थांबली. ज्या गावात आम्ही वाढलो तिथे उतरायचंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. गाडी सुटल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "एक सांग. तुला कामासाठी जायचंय, की माझ्यापासून जायचंय?"

"कामासाठी," मी लगेच म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गाडी हलत होती, कुणी भेळवाला आमच्या मधून गेला, तो गेल्यावरही ती बघतच होती. तिला काय दिसलं हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. पण मी अर्धंच खरं बोललो होतो, आणि ज्या बाईने मला बोलायला शिकवलं तिला त्यातलं अर्धं कुठलं हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"जा तू," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबलास तर मला रोज तुझं तोंड वाचावं लागेल. सकाळ-संध्याकाळ. मला नाही वाचायचं ते."

मी काही बोलायला गेलो. तिने डोळे मिटून घेतले. वाद नको असला की ती डोळे मिटायची, त्यापुढे कुणाचंच काही चालायचं नाही. नाशिकरोड येईपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

मी परीक्षेला बसलो, पास झालो. कागदपत्रांना पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ताईने एकटीने राहायचा सराव केला. बँकेत एकटी गेली, साडेतीन तासांनी परत आली आणि काम झाल्याचा कागद माझ्यासमोर ठेवला. भाजीला एकटी जायला लागली. जाताना चिठ्ठी लिहून न्यायची, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घांची. मी दारावरच्या बेलला तार जोडून हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत दिवे लावून दिले, बेल दाबली की लागतील असे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना एक किल्ली दिली. काकू म्हणाल्या, "आम्ही आहोत रे, तू निर्धास्त जा." मी निर्धास्त नव्हतो. पण बॅग भरताना मनात आनंदाची एक उकळी फुटत होती, तीही खोटी नव्हती. दोन्ही एकदम होतं, आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं.

निघायच्या दिवशी तिने मला ओवाळलं आणि म्हणाली, "थंडीत कान झाक." एवढंच.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं, कारण मी तिथे सुखात होतो. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि रात्री जेवताना ते वाटायचंही, पण दिवसभर मी सुखात असायचो. पहिला बर्फ पडला तेव्हा मी कारखान्याच्या अंगणात हातमोजे काढून उभा राहिलो आणि सगळे हसले. सायकल घेतली. नदीकाठच्या रस्त्याने चाळीस-चाळीस किलोमीटर गेलो. एका गावात बेकरीवाल्या म्हातारीशी पाऊण तास बोलत बसलो, तिला माझं सगळं समजत होतं, मला तिचं अर्धं. कुणी माझी वाट बघत गॅलरीत उभं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला दिसत नव्हतं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. पहिले काही महिने आम्ही दोघांनी खूप प्रयत्न केला. पण मोबाइलच्या पडद्यावर माझं तोंड टिचभर दिसायचं, चित्र अडकायचं, ओठ पुढे जायचे किंवा मागे राहायचे. मी खिडकीपाशी बसायचो, दिवा तोंडावर घ्यायचो, हळूहळू बोलायचो. ती डोळे बारीक करून बघायची, "परत सांग" म्हणायची, मी परत सांगायचो. एकदा ती म्हणाली, "तुझं तोंड बदललंय. पूर्वीसारखं उघडत नाहीस." मी म्हटलं, दिवसभर ती भाषा बोलतो म्हणून असेल.

त्यानंतरच्या एका रविवारी मी तिला सांगत होतो की कंपनीने मला नव्या मशीनवर टाकलंय, आणि कदाचित दिवाळीला येता येणार नाही. ती म्हणाली, "कळलं."

मी मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोललो, "ताई, इथे कालपासून हत्ती पळतायत."

"कळलं," ती म्हणाली, आणि हसली.

मी फोन ठेवला. माझा नंबर आता भाजीवाल्या आणि बँकेतल्या माणसांत लागला होता.

मग व्हिडिओ कॉल बंद करून आम्ही लिहायला लागलो. तिसरीतल्या शाळेची मराठी, त्यात सुख-दुःख किती मावणार? "जेवण झाले. तू जेव. पाणी दोन दिवस नव्हते." मीही तसंच लिहू लागलो. काही महिन्यांनी तिने एक फोटो पाठवला. कुठल्याशा हॉलमध्ये सात-आठ बायका, सगळ्यांचे हात हवेत, ताई मधोमध. खाली लिहिलं होतं, "सगळ्या माझ्यासारख्या. मंगळवार शुक्रवार जाते." काकूंनी कुणाकडून तरी पत्ता काढून तिला तिथे नेलं होतं. हाताने बोलायचं शिकवतात म्हणे. मला फार बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं, एक ओझं उतरल्यासारखं.

दीड वर्षाने मी रजेवर आलो. बेल दाबली, आत दिवा लागलेला दाराच्या फटीतून दिसला. ताईने दार उघडलं. तब्येत सुधारली होती. तिने मला घट्ट धरलं, तोंडावरून हात फिरवला, बॅग ओढून आत घेतली. मी बोलत सुटलो, आता माझं तोंड प्रत्यक्ष तिच्यासमोर होतं आणि ती सगळं ऐकत होती, मान डोलावत होती, डोळ्यांत पाणी होतं. दहा मिनिटं गेली असतील. मग माझ्या लक्षात आलं की ती एक शब्दही बोललेली नाही.

"ताई, बोल ना काहीतरी."

तिने मोबाइल घेतला आणि लिहून दाखवलं. "चहा टाकू का."

"लिहून काय दाखवतेस? बोल."

तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. शेवटी तिने तोंड उघडलं. आतून एक खरखरीत आवाज आला, मध्येच तुटला, त्यात शब्द होता की नाही हे मलाही कळलं नाही. मला, ज्याला ताईचं बोलणं जगात सगळ्यात जास्त कळायचं. तिने पटकन तोंडावर हात ठेवला आणि ओशाळून हसली. मग लिहायला बसली. बराच वेळ लिहीत होती.

"तू गेल्यावर बोलून कोणाला कळत नवते. लोक परत परत विचारायचे. दुकानात हसायचे. मग कमी केले. मग बंद झाले. आता हाताने बोलते. हाताने दमत नाही. बोलताना लहानपणापासून दमायची मी. तुला माहीत नाही."

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं ती माझ्याशी बोलली, आणि दमत होती हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी तिच्या चार मैत्रिणी घरी आल्या. मी चहा केला. हॉलमध्ये हात चालू होते, भराभर, आणि मध्येच सगळ्या मोठ्याने हसत होत्या. ताईचे हात मी आजवर कात्रीवर आणि कणकेत बघितले होते. ते एवढे वेगाने, एवढे ऐटीत चालतात हे मला ठाऊक नव्हतं. ती कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक एखाद्या गिऱ्हाइकाची, आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. माझी ताई विनोदी आहे हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं, तेही विनोद न कळता. मी ट्रे घेऊन उभा होतो. एकीने माझ्याकडे बघून ताईला काहीतरी विचारलं, ताईने काहीतरी उत्तर दिलं आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. प्रेमानेच हसल्या.

त्या गेल्यावर मी विचारलं, "काय विचारत होती ती?"

ताईने लिहिलं, "ती म्हणाली भाऊपण बहिरा आहे का. मी म्हटले हो. थोडा."

मी हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

रजा तीन आठवड्यांची होती. करार संपायला सहा महिने राहिले होते आणि कंपनीने पुढच्या दोन वर्षांचं विचारलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी मी ताईला म्हटलं, "मी परत येतो. कायमचा. अंबडला काम मिळेल मला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग लिहिलं, "तुला यायचे असेल तर ये. माझ्यासाठी येऊ नको."

"तुला काय वाटतं?"

"तू ठरव." आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बाबतीतला एखादा निर्णय तिने माझ्यावर सोडला होता.

मी जाऊन सही केली. का केली हे मी स्वतःलाच बऱ्याचदा विचारलंय. मी तिच्यासाठी थांबू शकलो असतो तेव्हा तिला मी हवा होतो, हे तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. आता मी थांबायला तयार होतो तर मी येऊन काय करणार होतो? चहा करणार होतो, ट्रे घेऊन उभा राहणार होतो. रविवारी मी मोबाइलवर बघून हाताची भाषा शिकायचा प्रयत्न करतो. बोटं मशीनवर तयार झालेली, ती सरळ वळत नाहीत. व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू केलाय, त्यावर ताईला करून दाखवतो, ती माझी बोटं दुरुस्त करते, आणि दुरुस्त करताना तिचे हात इतके लवकर चालतात की मला काही दिसत नाही. बर्फ अजून आवडतो. सायकल तीच आहे.

गेल्या महिन्यात तिने कळवलं की त्या चौघींपैकी एक आता तिच्याकडेच राहायला आलीय. ती पिको-फॉल करते, ताई ब्लाउज शिवते, दोघींचं बरं चाललंय. माझी खोली तिला दिलीय. माझे कपडे आणि पुस्तकं काकूंच्या माळ्यावर ठेवलीत, काळजी करू नको. "तू आला की हॉलमध्ये गादी टाकू," असं शेवटी लिहिलं होतं.

मी लिहिलं, "चालेल."